अडतीस बोअरची दोन काडतुसं

दुसरी गोळी लागूनही कुत्रं पळतच होतं.

इंदापूरचा आठवडे बाजार भरला होता. लोक ओट्यांवर, गाड्यांवर, मिळेल तिथं चढले होते. मी कुंभारांच्या ओळीच्या टोकाला पिस्तूल घेऊन उभा होतो. पहिली गोळी कुत्र्याच्या मागच्या मांडीत लागली, दुसरी पोटात. दोन्ही वेळा त्याचं अंग हललेलं मी स्वतः पाहिलं. तरी ते मडक्यांच्या राशीत घुसलं आणि सोपाना कुंभाराचा डावा हात त्यानं दातात धरला. आता कुत्रं आणि माणूस एकाच जागी होते, त्यामुळं तिसरी गोळी मारता येईना. शेवटी एका हमालानं मागून येऊन कुऱ्हाडीनं काम संपवलं.

मी जनावरांचा डॉक्टर. हुद्दा व्हेटर्नरी असिस्टंट सर्जन, राहणं बारामतीला, आणि हाताखाली बारामती व इंदापूर असे दोन तालुके. पस्तीस-छत्तीस साल असेल. लोक आम्हाला ढोरडाक्तर म्हणत आणि त्यात कुणालाच काही वाईट वाटत नसे. बैलांचा घटसर्प, म्हशींची अडलेली वेतं, घोड्यांचे पाय, हे रोजचं काम. पिसाळलेली कुत्री मारणं हेही आमच्याच गळ्यात पडायचं. त्यासाठी कलेक्टर कचेरीतून मला पिस्तुलाचं लायसन्स मिळालं होतं. पिस्तूल जुनं होतं, अडतीस बोअरचं. माझ्या आधीच्या डॉक्टरांकडून घेतलेलं. औषधांच्या पिशवीत कातडी म्यानात ते रोज माझ्याबरोबर सायकलवरून हिंडायचं.

सोपानाचा हात मी तिथंच साबणानं आणि भरपूर पाण्यानं धुतला, जखमेला कार्बोलिक लावलं. मग दवाखान्यातली चिठ्ठी घेऊन त्याला सर्व्हिस मोटारीत बसवलं आणि पुण्याला पाठवलं. रेबीज, म्हणजे पिसाळीचा रोग, एकदा अंगात उठला की त्यावर इलाज नाही. तो उठण्याआधी पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायची, तीही रोज एक. तेवढीच आशा.

मोटारीत बसल्यावर सोपानानं मला विचारलं, "डाक्तर, तुमच्या दोन गोळ्या त्याला लागल्या. म्या बघितल्या. मग त्यो पळत कसा व्हता?"

मोटार गेली. एक गोष्ट मी त्याच वेळी ठरवली. ह्या प्रश्नाचं उत्तर आपण काढायचं, ऐकीव नाही, स्वतः तपासून.

मी पुण्याला रिपोर्ट पाठवला. आठवड्याभरात आमचे सुपरिंटेंडंट साहेब पुण्याहून दौंडमार्गे गाडीनं बारामतीला उतरले. माणूस हुशार, घोड्यांच्या शस्त्रक्रियेत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण एकदा मत झालं की झालं. त्यांनी टेबलावर दोन लहान खोकी ठेवली.

"हाय व्हेलॉसिटी," ते म्हणाले. "मुंबईहून मागवली. नवीन निघालीत. तुमच्याच बोअरची. आजपासून हीच वापरायची."

मी एक काडतूस उचललं आणि माझ्या जुन्या काडतुसाशेजारी उभं केलं. उंची तीच, जाडी तीच, पितळ तेच.

काडतूस आणि गोळी ह्यांत वाचकांचा घोटाळा होऊ नये म्हणून सांगतो. काडतूस म्हणजे सगळा ऐवज: खाली पितळी टोपण, म्हणजे बंद बुडाची लहान नळी, त्यात दारू, आणि तोंडाशी बसवलेली गोळी. घोडा ओढला की दारू पेटते, गोळी तेवढी पुढं जाते, टोपण मागं राहतं. हाय व्हेलॉसिटी म्हणजे गोळी तितकीच, पण तिला मागून ढकलणारी दारू जास्त जोराची. म्हणून वेग जास्त.

"साहेब, ही जुन्या पिस्तुलाला चालतील?"

"बसतात ना? दुकानदारानं सांगितलंय, बसतात."

"बसतात," मी म्हणालो.

"मग झालं. दोन गोळ्या लागून कुत्रं पळालं, असं तुम्हीच लिहिलंय. तुमची साधी काडतुसं कुचकामी. मला दुसरा सोपाना नकोय."

मलाही नको होता. खरं सांगायचं तर ती खोकी पाहून मला बरं वाटलं. आपली चूक नव्हती, काडतुसाची होती, असं कुणीतरी मोठा माणूस म्हणाला की छाती हलकी होते. पण पिस्तुलात ती भरताना हात थांबला. औषध नवीन आलं की आम्ही ते आधी एका जनावराला देऊन बघतो, सगळ्या गोठ्याला टोचत नाही. इथंही तसंच करायचं ठरवलं.

बारामतीजवळच्या पिंपळीत एक निवृत्त हवालदार राहत. भिकाजीराव. पलटणीत आर्मरर होते, म्हणजे बंदुका, पिस्तुलं खोलून दुरुस्त करणारा कारागीर. आता कॅनॉलच्या पाण्यावर वांगी, मिरच्या काढत. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही म्हणे. त्यांच्या म्हशीचा पान्हा मी एकदा सोडवला होता, तेवढी ओळख.

आबा वाफ्यात पाणी धरत होते. मी दोन्ही काडतुसं दाखवली. त्यांनी पाय धुतले, धोतराला हात पुसले आणि पिस्तूल मागितलं. घोंगडीवर बसून दोन मिनिटांत ते खोलून मोकळे झाले.

"डाक्तर, ह्यो वरचा भाग बघा," ते म्हणाले. "गोळी फुडं गेली की ह्यो मागं सरकतो, टोपण भाईर फेकतो, नवीन काडतूस वर घेतो. त्याला स्लाइड म्हंत्यात. आन् त्याला अडवणारी ही एक पाचर. सारा धक्का हिच्यावर. ही साध्या दारूच्या हिशोबानं केल्याली हाय."

"नवीन काडतूस बसतं मात्र."

"बसतंय की. माझ्या नातवाच्या पायतानात तुमचा पाय बी बसंल, फाटस्तवर."

"म्हणजे हे फुटेल?"

"आज न्हाय फुटायचं. उद्या बी न्हाय. पर एक दिस पाचर तुटंल आन् ह्यो लोखंडाचा ठोकळा मागं येऊन तुमच्या कपाळात बसंल." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "माझ्या बोलण्यावर जाऊ नगा. बघू चला."

मला हेच हवं होतं.

आबांच्या शेताच्या वरच्या अंगाला मुरूम काढून झालेला एक मोठा खड्डा होता. तिथं आम्ही तीन दिवस, सकाळच्या वेळी, काम केलं. फौजदारांना आधी कळवलं होतं. आबांनी बाभळीच्या दोन फळ्यांत पिस्तूल आवळून बांधलं, घोड्याला सुतळी लावली आणि ती दगडाच्या आडून ओढायची सोय केली. समोर ओल्या चिंध्यांची गाठोडी एकामागं एक लावली. जनावराच्या मांसाला सगळ्यात जवळचं मला तेच सुचलं. गाठोड्यांच्या मागं आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या उभ्या केल्या आणि सगळ्याच्या मागं मुरमाची भिंत.

आधी वेगवान काडतूस. आवाज असा फुटला की बांधावरच्या शेळ्या उधळल्या. गोळी सगळी गाठोडी पार करून गेली, फळ्या पार करून गेली आणि मुरमातल्या एका काळ्या दगडावर आपटून वर उडाली. ती कुठं गेली ते आम्हाला सापडलं नाही. फक्त तिचं शिट्टीसारखं वाजणं ऐकू आलं. दुसरी तशीच. तिसरी तशीच.

तिसऱ्यानंतर आबांनी हात वर केला. "बास."

त्यांनी पिस्तूल सोडवलं, पाचर काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. तिच्या कडेला एक चेमटलेली रेघ उठली होती. नखाला लागत होती. काल ती नव्हती, कारण काल तीच पाचर मी स्वतः फडक्यानं पुसली होती.

"तीन बारात एवढं," आबा म्हणाले. "सायबाला म्हणावं, हिसाब तुमीच करा."

ती पाचर त्यांनी पुन्हा वापरू दिली नाही. स्वतःच्या पेटीतलं पोलाद घेऊन, कानस मारून, दोन दिवसांत दुसरी घडवली. मग आम्ही साधी काडतुसं लावली.

आणि इथं मला माझं खरं उत्तर मिळालं.

माझ्या पिशवीतली दहा काडतुसं आम्ही उडवली. सात चांगली वाजली. त्या गोळ्या तिसऱ्या-चौथ्या गाठोड्यात जाऊन थांबल्या. दोन नुसतीच फुसकन वाजली. त्यांच्या गोळ्या पहिल्याच गाठोड्यात अडकल्या. एक तर पेटलंच नाही.

"ही किती दिसाची हाईत?" आबांनी विचारलं.

मी आठवू लागलो. पिशवी सायकलच्या कॅरिअरवर. चैत्र-वैशाखातलं इंदापूरच्या रस्त्यावरचं ऊन, श्रावणात भिजलेली पिशवी, पुन्हा ऊन. "तीन वर्षं झाली असतील," मी म्हणालो.

"तीन वरसं दारू उनात भाजली, पाण्यात भिजली. आन् दोष काडतुसाला." आबा हसले नाहीत. "अजून एक. गोळ्या लागल्या कुठं म्हनालात?"

"मांडीत आणि पोटात."

"पिसाळल्यालं जनावर मांडीत मारून थांबतंय व्हय? तोफ आणा, तरी त्ये आनखी चार पावलं जानारच. तुमी डाक्तर. जनावरात काय कुठं असतंय ते मी तुमाला सांगू?"

काळीज कुठं, फुप्फुस कुठं, पाठीचा कणा कुठून जातो, हे मी झोपेतही सांगितलं असतं. पण बाजारात मी घाईनं, लांबून, हलत्या कुत्र्यावर, दिसेल तिथं गोळी मारली होती. वर्षभरात मी एकदाही नेम धरून बघितला नव्हता. पिस्तूल पिशवीत असणं म्हणजे काम झालं, असं धरून चाललो होतो.

त्या दिवसापासून मी आठवड्यातून एकदा पिंपळीला जाऊ लागलो. पुण्याहून साध्याच काडतुसांची ताजी खोकी मागवली. आबांनी एका पोत्यावर चुन्यानं कुत्र्याचा आकार काढला होता, त्यात खांद्यामागं वाटीएवढं गोल. त्या गोलात गोळी बसेपर्यंत ते मला घरी जाऊ देत नसत. मी चिडायचो. ते वांगी तोडत बसायचे.

सोपाना मधल्या काळात परत आला. चौदा इंजेक्शनांनी पोट सुजलं होतं, पण माणूस धडधाकट होता. मला इंदापुरात भेटला तेव्हा मी त्याला सगळं खरं सांगितलं: जुनी काडतुसं होती, नेमही चुकला.

"मला वाटलं व्हतं, तुमी कुत्र्याला दोष द्याल," तो म्हणाला. मग हात दाखवून म्हणाला, "बोटं वळत्यात. चाक फिरवाया येतंय. चालतंय."

माफ केलं की नाही, ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

साहेबांना मी सगळं कागदावर लिहून पाठवलं. उत्तर म्हणून मला पुण्यालाच बोलावलं गेलं. माझा कागद त्यांच्यासमोर होता, मी जुनी पाचर रुमालातून काढून त्यावर ठेवली.

"तुम्ही डॉक्टर आहात की दारूगोळ्याचे इन्स्पेक्टर?" साहेबांनी विचारलं.

"डॉक्टरच, साहेब. म्हणून तपासलं."

त्यांनी पाचर नखानं चाचपली. रेघ त्यांना लागली हे त्यांच्या तोंडावरून कळलं. "ठीक आहे. पिस्तूल जुनं आहे. मग नवीन पिस्तूल घ्या, ह्याच काडतुसांसाठी केलेलं. तशी मिळतात."

"मिळतात. पण ती गोळी पार जाते, साहेब. आम्ही रानात वाघ मारत नाही. बाजारात, खळ्यावर, गोठ्यात मारतो. कुत्र्याच्या मागं काय असेल ते दर वेळी दिसत नाही."

"आणि साधी गोळी कमी पडली तर?"

"ताजी असेल आणि जागी बसली तर कमी पडत नाही. रोज जवळ बाळगायला मला हीच हवी. रानडुक्कर मारायचं असतं तर मी तुमचं ऐकलं असतं."

साहेब खुर्चीत मागं रेलले. "हे लिहून द्या. मी दिलेली काडतुसं नाकारून तुम्ही साधी वापरताय. पुन्हा कुणाला कुत्रं चावलं तर जबाबदारी तुमची. सही करा."

मी सही केली. नोकरीला सात वर्षं झाली होती आणि घरात पाच माणसं खाणारी होती.

त्या सहीची परीक्षा व्हायला दोन महिने लागले. ऊसगाळप जोरात होतं. एका दुपारी काटेवाडीहून सायकलस्वार आला. गुऱ्हाळात पिसाळलेलं कुत्रं शिरलंय, रेडकू चावलंय, माणसं अडकलीत. मी निघालो. वाटेत मनात एकच, आज गोळी कमी पडली तर साहेबांच्या टेबलावर माझा कागद आहे.

गुऱ्हाळाचे मालक तात्या कढईच्या कट्ट्यावर चढून उभे होते, हातात लांब झारा. गडी चरकाच्या आडव्या लाकडावर. बैल कुणीतरी सोडून दिले होते. कुत्रं मोठं होतं, धनगरी जातीचं, लाळ गळत होती, आणि ते चिपाडाच्या ढिगापुढं वेडंवाकडं फिरत होतं. चिपाड म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा. त्याचा पुरुषभर उंच ढीग तिथं रचलेला होता.

"मारा डाक्तर, मारा की!" तात्या ओरडले.

"ढिगामागं कुणी आहे?"

"कुनी न्हाय! मारा!"

मी पंधरा पावलांवर थांबलो. कुत्र्याचं तोंड माझ्याकडं होतं. समोरून मारायची नाही, हे पोत्यावर शिकलो होतो. तात्या ओरडतच होते. गड्यांपैकी कुणीतरी शिवी घातली, बहुधा मलाच. मी थांबलो. कुत्रं दोन पावलं माझ्याकडं आलं, मग कशाच्या तरी आवाजानं वळलं, आणि त्याचा खांदा आडवा झाला. चुन्याचा गोल मला स्वच्छ दिसला. घोडा ओढला.

ते जागीच बसलं. मग पुढचे पाय टेकून उठू लागलं. मी चार पावलं पुढं गेलो आणि दुसरी गोळी त्याच जागी, जरा वर, मारली. कुत्रं आडवं झालं आणि हललं नाही.

मग चिपाडाच्या ढिगामागून एक बाई बाहेर आली. तिच्या मागून दुसरी, म्हातारी, तिचा हात धरून. तात्यांची बायको आणि त्यांची आई. रसाचे घडे भरायला आल्या होत्या, कुत्रं पाहून मागं दडल्या आणि ते समोर फिरत असल्यामुळं त्यांनी आवाजच काढला नव्हता.

तात्या कट्ट्यावरच खाली बसले. झारा हातातून सुटला.

"तू तर बाजाराला गेली हुतीस ना?" ते बायकोला विचारत होते. "आई, तू घरी हुतीस ना?"

म्हातारी त्यांच्याकडं न बघता माझ्याकडं आली. "बाबा, किती बार काढलं?"

"दोन, आजी."

"आमाला दोनी ऐकू आलं," ती म्हणाली आणि चिपाडावर बसून रडू लागली.

मी पिस्तूल म्यानात घालून पिशवीत ठेवलं.

कुत्र्याचा मेंदू तपासणीसाठी ग्लिसरिनमध्ये घालून पाठवायचा असतो, तेव्हाच रोग होता की नाही ते कळतं. ते काम मी तिथंच बाजूला नेऊन केलं, आणि त्याबरोबर गोळ्याही शोधल्या. पहिली पलीकडच्या बरगडीला अडून चामड्याखाली बसली होती. दुसरी मात्र पार गेली होती. मी ढिगात हात घातला. कोपरापर्यंत आत गेल्यावर बोटांना शिसं लागलं. तिथून त्या दोघी जिथं बसल्या होत्या तिथपर्यंत साधारण माणसाच्या लांबीएवढं चिपाड उरलं होतं.

वेगवान गोळी तेवढं चिपाड पार करून गेली असती का? मला ठाऊक नाही. गेली असती असं लोक पुढं सांगत राहिले, मी सांगितलं नाही. रिपोर्टात जे मोजलं तेवढंच लिहिलं: एक गोळी आत, एक बाहेर, ती कोपरभर खोलीवर सापडली, मागं दोन माणसं, मला माहीत नसलेली. मेंदूच्या तपासणीत रेबीज निघाला. रेडकू गोठ्यात वेगळं बांधलं होतं, ते अकराव्या दिवशी पिसाळलं.

पुढल्या महिन्यात पुण्याहून सर्क्युलर निघालं, सगळ्या डॉक्टरांसाठी. रोजच्या कामाला साधी काडतुसंच बाळगावीत. वेगवान काडतुसं जुन्या पिस्तुलात वापरू नयेत. काडतुसं दर वर्षी बदलावीत. दर महिन्याला नेमाचा सराव करून रिपोर्ट पाठवावा. खाली साहेबांची सही. माझं किंवा आबांचं नाव कुठं नव्हतं. आबांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं, नायतर समदे डाक्तर माझ्या वांग्यात येऊन बसले असते."

ते नाव नसणं मलाही सोयीचं गेलं. दर महिन्याच्या सरावाच्या रिपोर्टावरून माझ्या बरोबरीच्या डॉक्टरांनी पुढं कित्येक वर्षं कुणाच्या तरी नावानं बोटं मोडली. कुणाच्या, ते त्यांना कधी कळलं नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीतून मी जो धडा घेतला तो साधा आहे. लशीच्या कुपीवरची तारीख आम्ही डोळे फाडून बघायचो. तशीच ती काडतुसाच्या खोक्यावरही बघावी, आणि मग नेम धरायला शिकावं. वेगाचा विचार त्यानंतर.